फाईलच्या पोटातली डिस्क

काठी गावची राजवाडी होळी होऊन तीन दिवस झाले होते. मोलगीकडचा एक मुलगा शहाद्यात माझ्याकडे आला. त्याने खिशातून रुमाल काढला आणि रुमालाच्या घडीतून ३२ जीबीचं मेमरी कार्ड. रात्रभर नाचणारे बुवा, मोरपिसांचे टोप, ढोल, पहाटे पेटलेली होळी, सगळं त्या नखाएवढ्या कार्डात होतं.

"सर, कॅमेऱ्यात टाकलं की फॉरमॅट करू का असंच विचारतो. मी नाही म्हटलं."

त्याने नाही म्हटलं म्हणून पुढचं सगळं शक्य झालं. मी त्याला सांगितलं, की मी या कार्डाची थेट दुरुस्ती करणार नाही. आधी त्याची हुबेहूब नक्कल घेईन. मग एक खोटं कार्ड बनवून ते अगदी असंच बिघडवेन. ते माझ्या हातून दुरुस्त झालं, तरच तुझ्या कार्डाच्या नकलेकडे वळेन. खोटं कार्ड म्हणजे काय, हे त्याला कळेना. त्या दुपारी त्याला जे समजावलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो आहे. त्यामागे एक जुनी खंतही आहे. पूर्वी एकदा ओळखीच्यांच्या लग्नाचे फोटो असलेल्या पेन ड्राइव्हवर मी थेट दुरुस्तीचा प्रोग्राम चालवला होता आणि त्याच्या प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हटलं होतं. प्रोग्रामने त्याचं काम चोख केलं. हाती उरले ते नावं हरवलेले, आकडे चिकटवलेले तुकडे. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

सुरुवात डिस्कपासून करू. हार्ड डिस्क असो, पेन ड्राइव्ह असो की मेमरी कार्ड, संगणकाच्या लेखी ती क्रमांक घातलेल्या खणांची एक लांब रांग असते. एकेक खण बहुधा ५१२ बाइटचा, त्याला सेक्टर म्हणतात. अमुक क्रमांकाच्या खणात काय आहे ते सांग, किंवा तमुक खणात हे लिही, एवढंच डिस्कला समजतं. फाईल, फोल्डर, नाव, तारीख यांची तिला काही कल्पना नसते. ती सगळी व्यवस्था फाईल सिस्टिमची.

ही व्यवस्था समजून घ्यायला आपल्याकडे तलाठ्याचं दप्तर आहे. गावाची जमीन म्हणजे डिस्क. प्रत्येक फाईलचा एक सातबारा असतो, त्याला लिनक्सच्या जगात आयनोड म्हणतात. मालक कोण, क्षेत्र किती, कोणते गट या फाईलच्या नावावर आहेत, हे त्यात लिहिलेलं. फाईलचं नाव मात्र आयनोडमध्ये नसतं. ते फोल्डरच्या यादीत असतं, हे नाव म्हणजे अमुक क्रमांकाचा सातबारा, अशा नोंदीच्या रूपात. कोणते गट मोकळे आणि कोणते कसलेले, याचा नकाशा वेगळा. आणि सगळ्या दप्तराच्या पहिल्या पानावर गावाची एकूण माहिती: एकूण गट किती, एक गट केवढा, नकाशा कुठे ठेवला आहे. हे पहिलं पान म्हणजे सुपरब्लॉक. ते फाटलं तर शेतं जागच्या जागी असतात, पण दप्तर उघडायचं कसं हेच कळत नाही.

आता गंमत अशी, की साधी फाईलसुद्धा क्रमांक घातलेल्या बाइटांची रांगच असते. मग एखाद्या मोठ्या फाईललाच डिस्क का मानू नये? लिनक्समधलं लूप डिव्हाइस नेमकं हेच करतं. संगणकाला 'लूप शून्य' नावाची एक डिस्क जोडलेली दिसते. तिच्या २०४८व्या सेक्टरवर कोणी काही लिहायला गेलं, की लूपचा ड्रायव्हर २०४८ गुणिले ५१२ असा हिशोब करतो आणि फाईलच्या १०,४८,५७६व्या बाइटपासून ते लिहून ठेवतो. वरून बघणाऱ्याला ती डिस्क, खालून बघणाऱ्याला फाईल. हा ड्रायव्हर थिओडोर त्सो यांनी मार्च १९९३ मध्ये लिहिला. लिनक्सच्या एक्स्ट कुळातल्या फाईल सिस्टिमची दुरुस्ती-हत्यारंही गेली कित्येक वर्षं तेच सांभाळत आले आहेत. दुरुस्ती करणाऱ्यालाच खोटी डिस्क हवीशी वाटली, याचं मला नवल वाटत नाही.

अशी डिस्क बनवायला पैसा लागत नाही, म्हणून मुलांना मी ती आधी बनवायला लावतो. 'ट्रंकेट' या कमांडला १ जीबी आकार सांगितला, की क्षणात फाईल तयार. यादीत तिचा आकार १,०७,३७,४१,८२४ बाइट दिसतो, पण 'डीयू' कमांडने प्रत्यक्ष व्यापलेली जागा विचारली तर उत्तर येतं शून्य. फाईल पोकळ आहे. जिथे काही लिहिलंच नाही तिथे डिस्क खर्ची पडत नाही. त्यामुळे जुन्या, भरत आलेल्या संगणकावरही अशा दहा डिस्क ठेवता येतात.

मग त्या फाईलवर 'एमकेएफएस'ने एक्स्टफोर फाईल सिस्टिम घालायची. ब्लॉकचा, म्हणजे एका गटाचा, आकार मी स्वतः सांगतो, ४०९६ बाइट. म्हणजे एकूण २,६२,१४४ ब्लॉक होतात. एका गटसमूहात ३२,७६८ ब्लॉक मावतात, म्हणून समूह आठ, शून्यापासून सातपर्यंत. हे आकडे पाठ नसले तरी चालेल, पण एकदा तरी कागदावर मांडावेत. कारण पहिलं पान फाटण्याची भीती फाईल सिस्टिम बनवणाऱ्यांनाही होती. म्हणून सुपरब्लॉकच्या नकला पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या समूहाच्या तोंडाशी ठेवलेल्या असतात: ब्लॉक ३२,७६८, ९८,३०४, १,६३,८४० आणि २,२९,३७६. डिस्क मोठी असेल तर पुढे तीन, पाच आणि सात यांच्या घातांच्या समूहांत.

इथपर्यंत प्रशासकाचा पासवर्डही लागत नाही. फाईल तुमची, तिच्यावर काहीही करायला तुम्ही मुखत्यार. शाळेच्या प्रयोगशाळेत शिकणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे. पासवर्ड लागतो तो फक्त लूपला जोडून माउंट करताना. 'लोसेटअप' कमांड मोकळं लूप शोधून फाईल त्याला जोडते, मग 'माउंट'. आता ती डिस्क एखाद्या फोल्डरसारखी उघडते आणि तिच्यात फोटो, गाणी, काहीही टाकता येतं.

मी त्यात ओळखीच्याच फाईली टाकतो आणि प्रत्येकीचा 'शा-२५६' ठसा काढून तो बाहेर, वेगळ्या फाईलमध्ये लिहून ठेवतो. हा ठसा म्हणजे फाईलच्या मजकुरावरून काढलेला एक लांब आकडा, मजकुरातला एक बाइट बदलला तरी आकडा पार बदलतो. मग डिस्क अनमाउंट करून लूप सोडवतो आणि इमेज फाईलची एक मूळ प्रत बाजूला ठेवतो. प्रत्येक प्रयोग नव्या नकलेवर. नक्कल बिघडली, टाकून दिली, दुसरी घेतली. खऱ्या डिस्कवर ही मुभा कधीच मिळत नाही.

आता बिघडवायचं. आधी सुपरब्लॉक. तो डिस्कच्या सुरुवातीपासून १०२४व्या बाइटवर असतो, म्हणजे आपल्या डिस्कच्या शून्याव्या ब्लॉकच्या आत. 'डीडी' कमांडने पहिले ४०९६ बाइट शून्यांनी भरले, की पहिलं पान कोरं. इथे एक खड्डा आहे आणि त्यात प्रत्येक नवा माणूस एकदा पडतोच. 'डीडी'ला 'नोट्रंक' ही सूचना दिली नाही, तर ती लिहिण्याआधी सबंध फाईल कापून टाकते. १ जीबीची डिस्क ४०९६ बाइटची होऊन बसते. फाईलवर ही चूक झाली तर हसत दुसरी नक्कल घ्यावी. पण हाताला वळण इथेच लागतं. खऱ्या डिस्कचं नाव टाइप करण्याआधी 'एलएसबीएलके' कमांडने जोडलेल्या डिस्कची यादी काढायची आणि आकार ताडून बघायचा, ही सवयही मी इथेच लावून घेतो.

कोरं पान झालेली इमेज माउंट करायला गेलं, की नकार येतो: फाईल सिस्टिमचा प्रकार चुकीचा किंवा सुपरब्लॉक खराब. आता एक्स्टफोरचं दुरुस्ती-हत्यार 'ईटूएफएसचेक' चालवायचं. ते आधी सांगतं की सुपरब्लॉकची खूण जुळत नाही, आणि मग आपण न सांगता स्वतःच नकला शोधायला लागतं. ३२,७६८व्या ब्लॉकवरची नक्कल सापडते, पहिलं पान पुन्हा लिहिलं जातं. नंतर ठसे ताडून बघितले तर सगळे जुळतात. हा प्रयोग झाला की मुलांचा दुरुस्तीवर विश्वास बसतो. तो लगेच थोडा हलवावा लागतो.

त्यासाठी दुसरी नक्कल. 'डीबगएफएस' नावाचं हत्यार फाईल सिस्टिमच्या आत शिरून एकेक नोंद बदलू देतं. त्याने 'गाणी' या फोल्डरचा आयनोड पुसून टाकायचा. फोल्डरमधल्या फाईलींना हात लावायचा नाही. मग 'ईटूएफएसचेक' चालवायचं, पण प्रश्न वाचत.

ते पाच फेऱ्यांत काम करतं आणि या फेऱ्या तलाठ्याच्या तपासणीसारख्याच आहेत. पहिल्या फेरीत प्रत्येक सातबारा उघडून बघायचा: क्षेत्र आणि गट जुळतात का, एकच गट दोघांच्या नावावर चढलाय का. चढला असेल तर हत्यार दोन्ही फाईलींना त्या ब्लॉकची स्वतंत्र नक्कल देऊ का, असं विचारतं. जमिनीच्या वादात असा तोडगा कुणालाच सुचला नसता! दुसऱ्या फेरीत फोल्डरच्या याद्या. आपल्या प्रयोगात इथे ते अडखळतं: 'गाणी' असं नाव आहे, पण त्या क्रमांकाचा सातबाराच नाही, नोंद काढू का? तिसऱ्या फेरीत प्रत्येक फोल्डर मुळाशी जोडलेलं आहे का हे पाहायचं. चौथ्या फेरीत वारसांचा हिशोब, म्हणजे कोणत्या आयनोडला किती नावांनी ओळखतात. आता गाण्यांच्या फाईली उघड्या पडतात. त्यांचे आयनोड शाबूत आहेत, पण त्यांना नावाने ओळखणारं कोणी उरलेलं नाही. 'लॉस्ट अँड फाउंड'मध्ये जोडू का, असा प्रश्न येतो. पाचव्या फेरीत मोकळ्या आणि भरलेल्या ब्लॉकांचा नकाशा नीट करायचा.

दुरुस्ती संपल्यावर 'लॉस्ट अँड फाउंड' उघडलं, की एकेक फाईल मिळते, पण नावाच्या जागी हॅशची खूण आणि आयनोडचा क्रमांक. नावं फोल्डरच्या यादीत होती आणि यादी गेली. ठसे मात्र जुळतात, म्हणून कोणता आकडा कोणतं गाणं ते आपल्याला शोधता येतं. त्या लग्नाच्या फोटोंचं काय झालं, हे मला खऱ्या अर्थाने या प्रयोगात समजलं. तोवर मी त्याला नशीब म्हणत होतो.

तिसरा प्रयोग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो करायला दोन मिनिटंही लागत नाहीत. 'डीबगएफएस'ला विचारायचं, की अमुक फोटो कोणत्या ब्लॉकांत आहे. त्यांतला मधला एक ब्लॉक 'डीडी'ने शून्यांनी भरायचा. मग 'ईटूएफएसचेक' सक्तीने चालवायचं. पाचही फेऱ्या बिनतक्रार पार पडतात. शेवटी ते शून्य देतं, म्हणजे काही दोष नाही. फोटो उघडला तर अर्धा ठीक, खाली चिखल. ठसा जुळत नाही.

यात हत्याराची चूक नाही. सातबारा बिनचूक असला, तरी शेतातलं पीक जळलंय की उभं आहे हे त्यात कळत नाही. एक्स्टफोर आपल्या नोंदींचे ठसे ठेवते, तुमच्या मजकुराचे ठेवत नाही. दुरुस्ती-हत्यार दप्तर जुळवून देतं आणि कधीकधी जुळवण्यासाठी तुमच्या फाईलींवर पाणीही सोडतं. म्हणून दुरुस्तीनंतर दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात: दप्तर जुळलं का, आणि माझा माल पूर्ण आहे का. पहिल्याचं उत्तर हत्यार देतं. दुसऱ्याचं उत्तर फक्त तुम्ही आधी लिहून ठेवलेल्या ठशांत असतं.

मजकुराचेही ठसे ठेवणाऱ्या फाईल सिस्टिमी आहेत. सन कंपनीत जन्मलेली झेडएफएस त्यांतली एक. ती लिनक्सवर आणण्याच्या कामात २०१० साली पुण्याच्या केक्यू इन्फोटेक या कंपनीचाही हात होता, आपल्या राज्यात असं खोलातलं काम झालं याचा मला अभिमान वाटतो. झेडएफएसला तर लूपचीही गरज नाही, दोन साध्या फाईली दिल्या तरी ती त्यांची, प्रत्येक गोष्ट दोन्हीकडे लिहिणारी, जोडडिस्क बनवते. एका फाईलचा मधला भाग शून्यांनी भरायचा आणि 'स्क्रब' चालवायचं. कोणत्या बाजूला किती ठसे चुकले ते ती मोजून सांगते आणि दुसऱ्या बाजूच्या चांगल्या प्रतीवरून दुरुस्त करते.

ही खोटी डिस्क फक्त शिकणाऱ्यांच्या कामाची आहे असं मात्र नाही. एक्स्टफोरची हत्यारं ज्या पेटीत येतात, त्या 'ईटूएफएसप्रोग्स'च्या मूळ कोडबरोबर चाचण्यांचं एक मोठं फोल्डर असतं. त्यात शेकडो छोट्या फोल्डरांत एकेक दाबून लहान केलेली डिस्क इमेज. प्रत्येक इमेज एकाच ठरावीक प्रकाराने जखमी केलेली. सोबत दोन उत्तरपत्रिका: पहिल्यांदा 'ईटूएफएसचेक' चालवलं तर त्याने अक्षरशः काय म्हणायला हवं, आणि दुसऱ्यांदा चालवलं तर काय. दुसऱ्या उत्तरपत्रिकेत बहुधा तक्रार नसते, कारण एकदा दुरुस्त केलेल्या डिस्कमध्ये पुन्हा दोष सापडला, तर पहिली दुरुस्तीच खोटी. कोडमध्ये कुणी एक ओळ बदलली तरी या सगळ्या जखमी डिस्क पुन्हा तपासल्या जातात. हत्यार शेवटी एक आकडाही देतं: ० म्हणजे दोष नाही, १ म्हणजे दोष होते ते दुरुस्त केले, ४ म्हणजे दोष राहिले, ८ म्हणजे हत्यारालाच काम करता आलं नाही. मीही माझ्या प्रयोगांत हीच शिस्त पाळतो. पहिल्या खेपेला १, दुसऱ्या खेपेला ०, आणि मग ठसे.

लूपच्या काही मर्यादा सांगायलाच हव्यात. इमेज माउंट असताना खालून तिच्यात फेरफार करू नये किंवा दुरुस्ती चालवू नये. वरची फाईल सिस्टिम आपल्या आठवणीतली जुनी पानं धरून बसलेली असते आणि ती नंतर तुमच्या बदलांवर लिहून टाकते. बघण्यापुरतं म्हणून 'फक्त वाचन' सांगून माउंट केलं, तरी एक्स्टफोर आधी जर्नलमधल्या राहिलेल्या नोंदी पुऱ्या करून घेते, म्हणजे इमेजवर लिहिते. ज्या इमेजला पुरावा म्हणून जपायचं असेल, तिला लूपलाच वाचनापुरतं जोडावं आणि माउंट करताना 'नोलोड' सांगावं.

हे जर्नल म्हणजे व्यापाऱ्याची रोजकीर्द. नंदुरबारच्या मिरची बाजारात आधी रोजकीर्दीत टिपण होतं, मग सवडीने खतावणीत. मध्येच लाईट गेली, तर खतावणी अर्धवट राहते, पण रोजकीर्दीवरून ती पुरी करता येते. आमच्याकडे, विशेषतः धडगाव-मोलगीच्या बाजूला, लाईट जाणं ही रोजची गोष्ट, म्हणून मुलं हमखास विचारतात की वीज गेल्यावर काय होतं ते खोट्या डिस्कवर कसं बघायचं. साधं लूप त्याला पुरत नाही, कारण ते फार शहाण्यासारखं वागतं. त्याच्यावर डिव्हाइस मॅपरचा 'डीएम-फ्लेकी' हा थर चढवावा लागतो. तो ठरलेले सेकंद नीट वागतो, आणि मग, तसं सांगितलं असेल तर, ठरलेले सेकंद सगळं लिखाण मुकाट्याने गिळून टाकतो. वरच्याला वाटतं लिहिलं गेलं. त्या अवस्थेत डिस्क सोडवून तपासली, की रोजकीर्द कशी कामाला येते ते डोळ्यांनी दिसतं.

आता त्या कार्डाकडे येतो. आधी 'डीडीरेस्क्यू'ने त्याची इमेज घेतली. हे हत्यार जे सहज वाचता येतं ते आधी उचलतं, अडलेले भाग मागे ठेवून नंतर पुन्हा प्रयत्न करतं आणि काय मिळालं, काय नाही याचा नकाशा लिहीत जातं. काही सेक्टर शेवटपर्यंत वाचता आले नाहीत. मग कार्ड परत रुमालात. इमेजमध्ये विभाग, म्हणजे पार्टिशन, ८१९२व्या सेक्टरपासून सुरू होत होता, पण त्याचा पहिला सेक्टर सगळा शून्य.

ही फाईल सिस्टिम एक्स्टफोर नव्हे, फॅट-३२. म्हणून १ जीबीची खोटी फॅट डिस्क बनवली, तिचाही पहिला सेक्टर पुसला आणि 'एफएसचेक-व्हीफॅट' चालवलं. सेक्टरचा आकार शून्य आहे, एवढं बोलून ते थांबलं. एक्स्टफोरचं हत्यार नक्कल स्वतः शोधतं, हे शोधत नाही. हा फरक त्या मुलाच्या कार्डावर कळला असता तर मी घाबरून काहीतरी भलतं केलं असतं. पण फॅट-३२ मध्येही पहिल्या सेक्टरची नक्कल असते, विभागाच्या सुरुवातीपासून सहाव्या सेक्टरवर. खोट्या डिस्कवर ती 'डीडी'ने उचलून शून्याव्या जागी ठेवली. डिस्क उघडली, ठसे जुळले.

मग कार्डाच्या इमेजची आणखी एक नक्कल घेतली आणि तिच्यात ८१९८वा सेक्टर ८१९२व्या जागी लिहिला. लूपला वाचनापुरती जोडली, माउंट केली. फोटो होते. व्हिडिओही होते. मुलगा खुर्ची ओढून जवळ आला.

त्याला आनंद झाला तेवढ्यातच मी तिसऱ्या प्रयोगाची आठवण करून दिली, कारण यादी पूर्ण दिसत होती आणि ठसे आपल्याकडे नव्हते. न वाचता आलेले सेक्टर कुठे पडले होते ते नकाशावरून शोधलं. दोन फोटो आणि पहाटेचा एक व्हिडिओ. तो त्याने लावला. ढोल चालू होते, होळी नुकतीच पेटत होती, आणि मध्येच चित्र चौकोनांत विस्कटून थांबलं. काही सेकंदांनी पुन्हा सुरू झालं. त्याने तेवढा भाग तीनदा लावून बघितला, मग वहीत फाईलचं नाव आणि वेळ लिहून घेतली. गावात आणखी दोघांनी मोबाईलवर चित्रण केलं होतं, त्यांच्याकडे तेवढा तुकडा असेल, असं म्हणाला.